मसाल्याची धून, बरणी, रंग आणि वास: परदेशात यातलं काय राखता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवापूर तालुक्यातल्या महिलांची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, ती निवडण्यापासून कांडप करून मसाला बरणीत भरण्यापर्यंतचं काम त्या स्वतः करतात. आठवडी बाजारात त्यांचा टेम्पो आला की एक छोटी धून वाजते: कांडपाचे तीन ठोके आणि मग पेटीवरचे सात-आठ सूर. बरणी उखळाच्या आकाराची, लेबल काळं, झाकण तांबडं. आता दुबईचा एक आयातदार माल मागतो आहे आणि लंडनच्या एका दुकानदाराने नमुने मागवले आहेत. इकडे शेजारच्या तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याने तशीच बरणी आणि तशीच धून सुरू केली आहे. ताई विचारतात: "नावाचा ट्रेडमार्क तर घेऊच. पण धून, बरणी, रंग आणि आमच्या मसाल्याचा वास, यांचीही नोंदणी होते का? आयातदार म्हणतो, भारत जागतिक व्यापार संघटनेत आहे, त्यामुळे इथे एकदा नोंदणी झाली की ती सगळ्या देशांत चालते. हे खरं का?"

ताई, आधी आयातदाराच्या बोलण्याचं बघू, कारण त्यावर विसंबून राहिलात तर बाकी सगळं चुकेल. त्याचं म्हणणं खरं नाही. ट्रेडमार्कचा हक्क ज्या त्या देशापुरता असतो. भारतातली नोंदणी भारतात चालते, दुबईत दुबईची लागते, इंग्लंडमध्ये इंग्लंडची. आंतरराष्ट्रीय करार हे सरकारांनी एकमेकांना दिलेले शब्द आहेत: आमच्या कायद्यात कमीत कमी इतकं असेल, तुमच्या माणसाला आमच्या माणसासारखंच वागवू, अर्जाची तारीख मानू. त्यातून तुम्हाला अर्ज करायची वाट मिळते. नोंदणी मात्र कोणताही करार आपोआप देत नाही, भारत-अमिरात करारही नाही आणि 24 जुलै 2025 ला सही झालेला भारत-ब्रिटन करारही नाही.

नाव आणि लोगो यांच्या बाबतीत ही वाट बरीच सरळ आहे. धून, आकार, रंग, वास यांना अपारंपरिक ट्रेडमार्क म्हणतात, आणि तिथे वाट देशागणिक बदलते. ती का बदलते हे एकदा समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते तुम्हालाच कळेल.

जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार म्हणजे ट्रिप्स. तो 1 जानेवारी 1995 पासून लागू आहे. त्याचं कलम 15 मोठ्या मनाने सुरू होतं: एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू येईल अशी कोणतीही खूण ट्रेडमार्क होऊ शकते. नावं, अक्षरं, आकडे, चित्रं आणि रंगांच्या जोड्या यांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आहे: खूण डोळ्यांना दिसणारी असावी अशी अट सदस्य देश घालू शकतात. धून दिसत नाही, वास दिसत नाही. म्हणजे रंगांच्या जोडीला ट्रिप्सने दार उघडलं, आणि धून व वास यांचं दार उघडायचं की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं. आज जो गोंधळ दिसतो त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

पुढच्या काळात काही व्यापार करारांनी ही मोकळीक काढून घेतली. अमेरिकेने दक्षिण कोरियाशी केलेला करार 2012 मध्ये लागू झाला, त्यात आवाज आणि वास दोन्ही आले. पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांचा सीपीटीपीपी करार 30 डिसेंबर 2018 ला लागू झाला. त्याचं कलम 18.18 सांगतं की खूण दिसलीच पाहिजे अशी अट घालायची नाही, केवळ आवाज आहे म्हणून नोंदणी नाकारायची नाही, आणि वासाच्या नोंदणीसाठी शक्य तेवढा प्रयत्न करायचा. भाषेतला हा फरक नीट बघा: आवाजासाठी बंधन, वासासाठी फक्त प्रयत्न. आशियातल्या आरसेप करारानेही आवाजाबद्दल तसंच बंधन घातलं, वासाला मात्र हात लावला नाही.

भारत यातल्या एकाही करारात नाही. आरसेपमधून आपण नोव्हेंबर 2019 मध्ये बाहेर पडलो. मग त्यांचा आपल्याला काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. उपयोग आहे, आणि ही गोष्ट निर्यातदारांना सहसा कुणी सांगत नाही. ट्रिप्सच्या कलम 4 नुसार एखाद्या देशाने बौद्धिक संपदेत कोणत्याही दुसऱ्या देशाच्या नागरिकांना सवलत दिली, तर तीच सवलत संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांच्या नागरिकांना ताबडतोब आणि विनाअट द्यावी लागते. जकातीच्या बाबतीत व्यापार करारांना यातून सूट मिळते. ट्रिप्समध्ये तशी सर्वसाधारण सूट नाही, 1995 पूर्वीच्या काही करारांपुरता अपवाद आहे. त्यामुळे जपानने किंवा व्हिएतनामने कराराखाली आवाजाला दार उघडलं, तर भिवापूरच्या कंपनीलाही त्याच दारातून जाता येतं. ब्रिटन 15 डिसेंबर 2024 पासून सीपीटीपीपीमध्ये आहे आणि आवाजाची नोंदणी तिथे त्याआधीपासून होतेच. संयुक्त अरब अमिरातीने 2021 च्या नव्या ट्रेडमार्क कायद्यात आवाज, वास, त्रिमिती आकार आणि होलोग्राम ही सगळी नावं स्पष्ट घातली आहेत. म्हणजे तुमच्या दोन्ही बाजारांत कायद्याचं दार उघडं आहे. प्रश्न उरतो तो तुमची प्रत्येक खूण त्या दारातून आत जाते का, हा.

आता एकेक खूण घेऊ. धुनीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या चारही खुणांत मला तीच सर्वांत दमदार वाटते.

भारतात आवाजाची पहिली नोंदणी 2008 मध्ये झाली, याहू कंपनीच्या आरोळीची. पुढे आयसीआयसीआय बँकेच्या धुनीला ती मिळाली. 2017 च्या ट्रेडमार्क नियमांनी पद्धत ठरवून दिली: एमपीथ्री फाइल, जास्तीत जास्त तीस सेकंद, आणि सोबत धुनीची कागदावरची स्वरलिपी. आपल्या कायद्यात खूण कागदावर उतरवता आली पाहिजे ही अट अजून आहे, म्हणून स्वरलिपी लागते. ब्रिटनने 2019 मध्ये आणि युरोपीय संघाने 1 ऑक्टोबर 2017 पासून ही अट काढली, तिथे एमपीथ्री पुरते. तुम्ही स्वरलिपी करून घ्याल तेव्हा सारेगमबरोबर पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनही करून घ्या. उमरेड-नागपूरकडे बँडमध्ये किंवा चर्चमध्ये वाजवणारे लोक ते लिहून देतात. परदेशी तपासनीसाला ते थेट वाचता येतं.

पण ठोक्यांबद्दल सावध करतो. कांडपाचे तीन ठोके मसाल्यासाठी एकटे मागितले तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. कांडप केलेल्या मसाल्याला कांडपाचा आवाज म्हणजे माल कसा बनतो तेच सांगणं झालं. युरोपीय संघाच्या जनरल कोर्टासमोर 2021 मध्ये अगदी असंच प्रकरण होतं. पेयाचा डबा उघडल्याचा आवाज, मग क्षणभर शांतता, मग बुडबुड्यांची फसफस. न्यायालयाने नोंदणी नाकारली. डबा उघडला की तो आवाज येणारच, ऐकणाऱ्याला त्यातून अमुक एका कंपनीची आठवण होईल असं त्यात काही नाही, असं न्यायालयाला वाटलं. तुमच्या ठोक्यांना हीच हरकत येईल. पेटीवरचे सूर मात्र मसाल्याबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून ठोके आणि सूर मिळून एकच सलग धून मागा, आणि टेम्पोवर, मोबाइलवरच्या जाहिरातीत, परदेशात पाठवायच्या व्हिडिओत नेमकी तीच वाजवा. एका गावात एक चाल आणि दुसऱ्या गावात दुसरी, असं असेल तर आधी ते थांबवा.

आणखी एक गोष्ट तपासा. ती चाल जात्यावरच्या एखाद्या जुन्या ओवीची आहे का? असेल, तर चालीवर कुणाचाच कॉपीराइट नसतो. ट्रेडमार्क मिळाला तरी ती ओवी गाण्यापासून तुम्ही कुणाला अडवू शकणार नाही, आणि अडवूही नये. सूर नव्याने बांधलेले असतील तर हक्क बराच घट्ट होतो.

ते सूर ज्याने बांधले त्याच्याशी काय लिहून झालं आहे, हा माझा पुढचा प्रश्न. तुम्ही लिहिलं आहे की ऑर्केस्ट्रातल्या एका कलाकाराला रोख पैसे देऊन काम करून घेतलं. हे आजच नीट करा. धून हे संगीत आहे, आणि संगीतावर कॉपीराइट असतो. बर्न करार हा कॉपीराइटवरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यामुळे तो कॉपीराइट दुबईत आणि लंडनमध्येही नोंदणीशिवाय मानला जातो. चारही खुणांत परदेशी हक्क आपोआप मिळतो तो फक्त इथे. पण तो आज तुमचा नाही, त्या कलाकाराचा आहे. पैसे दिले म्हणून हक्क बदलत नाही, लेखी हस्तांतर लागतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 मध्ये निर्यातदारांनी डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात अशा दोन तरतुदी आहेत. कागदात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर ते फक्त भारतापुरतं धरलं जातं. म्हणजे "धून कंपनीला दिली" एवढंच लिहून घेतलंत, तर दुबईत तिच्यावर तुमचा हक्क नाही आणि पाच वर्षांनी इथेही नाही. कागदावर कॉपीराइटची संपूर्ण मुदत, जगातले सर्व देश, कोणकोणते हक्क आणि किती मोबदला, हे सगळं लिहा. कलाकाराची सही घ्या. ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या स्टुडिओत झालं असेल तर त्याच्याकडूनही तसाच कागद घ्या. त्या माणसाला योग्य पैसे द्या, त्याने तुमची ओळख घडवली आहे.

आता बरणी. उखळाच्या आकाराची बरणी छान दिसते, यात वाद नाही. कायदा मात्र आकाराकडे संशयाने बघतो, आणि त्याला कारण आहे. नावाची मक्तेदारी दिली तर दुसऱ्याला हजारो नावं उरतात. आकाराची मक्तेदारी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायमची दिली, तर दुसऱ्याला माल भरायलाच अडचण होऊ शकते. म्हणून आपल्या कायद्याचं कलम 9(3) तीन प्रकारचे आकार बाद करतं: मालाच्या स्वरूपातूनच येणारा, तांत्रिक कामासाठी गरजेचा, आणि मालाला भरीव मूल्य देणारा. ब्रिटनमध्येही हेच नियम आहेत. यांतून सुटलात तरी सिद्ध करावं लागतं की गिऱ्हाईक नुसत्या आकारावरून, लेबल न बघता, हा तुमचाच माल असं धरून चालतं. नेस्लेने किटकॅटच्या चार कांड्यांच्या आकारासाठी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं झगडा केला. लोक आकार ओळखतात हे दाखवलं, तरी 2017 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नोंदणी नाकारलीच. आकार ओळखीचा असणं वेगळं आणि गिऱ्हाइकाने त्यावर भरवसा ठेवून माल उचलणं वेगळं, असा तो मुद्दा होता. जगभर विकणाऱ्या कंपनीची ही गत, तर लंडनमध्ये अजून एकही बरणी न विकलेल्या कंपनीने तिथे आकाराचा अर्ज करणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. हे मी स्पष्टच सांगतो.

बरणीसाठी खरं हत्यार डिझाइन नोंदणीचं होतं. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली दहा वर्षं आणि वर पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण डिझाइन नवं हवं, म्हणजे अर्जाआधी ते लोकांसमोर आलेलं नको. तुमची बरणी बाजारात आलेली आहे, तेव्हा या बरणीसाठी ते दार बंद झालं. निर्यातीसाठी नवी बरणी किंवा नवं झाकण करणार असाल, तर चित्र कुणालाही पाठवण्याआधी, व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी, प्रदर्शनात ठेवण्याआधी अर्ज करा. डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीची हेग व्यवस्था आहे, पण भारत तिचा सदस्य नाही. त्यामुळे परदेशातला अर्ज त्या त्या देशात वेगळा करावा लागेल, आणि पहिल्या अर्जाची तारीख धरून घ्यायला सहा महिने मिळतील.

इथल्या नकलेसाठी मात्र आजच्या बरणीतही दम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये गोर्बाचोव व्होडकाच्या प्रकरणात बाटलीच्या आकारावरून मनाई हुकूम दिला होता. घुमटासारखी ती बाटली दुसऱ्या कंपनीने उचलली होती. शेजारच्या व्यापाऱ्याविरुद्ध बरणी, रंग आणि धून तिन्ही मिळून, त्याने स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवल्याचा दावा जिल्हा न्यायालयात करता येतो. त्याला नोंदणी लागत नाही, नाव झाल्याचा आणि गिऱ्हाइकाची फसगत होण्याचा पुरावा लागतो. हे काम परदेशी अर्जांच्या आधी करा. इथे दोघंही तीच धून वाजवत राहिलात, तर ती फक्त तुमची ओळख आहे हे उद्या कुणालाही पटवणं अवघड जाईल.

रंगाबद्दल थोडक्यात. भारतीय कायदा रंगांच्या जोडीचं नाव घेतो, एकट्या रंगाचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 मध्ये कोलगेटची लाल-पांढरी जोडी अँकरविरुद्ध राखली. तिथे रंगांचं प्रमाण आणि मांडणीही जुळत होती. तुमचं काळं-तांबडं मसाल्याच्या धंद्यात वेगळं ठरेल का? मिरचीच्या मालाला तांबडा रंग सगळेच लावतात. म्हणून रंग एकटे मागू नका. पूर्ण लेबल रंगीत मागा: काळ्या पार्श्वभूमीवर नाव, चित्र, वर तांबडी पट्टी, सगळी मांडणी जशी आहे तशी. आणि अर्जातले शब्द नेमके ठेवा. कॅडबरीचा जांभळा रंग 2013 मध्ये इंग्लंडमध्ये अडला, कारण वर्णनात तो "प्रमुख" रंग असेल असं म्हटलं होतं. म्हणजे नक्की किती, कुठे, हे कुणालाच ठरवता येईना.

वासाचं उत्तर नाही असंच आहे, पण का नाही ते सांगतो, कारण नोव्हेंबर 2025 ची बातमी वाचून अनेकांनी मला विचारलं. आपल्या ट्रेडमार्क कार्यालयाने तेव्हा पहिल्यांदाच एक वास स्वीकारून हरकतींसाठी प्रसिद्ध करायचं ठरवलं: सुमितोमो या जपानी कंपनीच्या टायरला येणारा गुलाबाचा वास. कागदावर उतरवण्याची अट पूर्ण करायला अलाहाबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी तो वास सात घटकांच्या आलेखात मांडला. ब्रिटनने हाच वास 1996 मध्ये नोंदवला होता. तिथून युरोपच्या न्यायालयाने 2002 मध्ये झिकमान प्रकरणात लगाम खेचला: रासायनिक सूत्र, शब्दांतलं वर्णन, वासाचा नमुना, यातलं काहीच पुरेसं नाही, खुणेचं चित्रण स्पष्ट, नेमकं, टिकाऊ आणि वस्तुनिष्ठ हवं. त्यामुळे युरोपात वासाची वाट जवळजवळ बंदच आहे. अमेरिकेत ती उघडी आहे, 2018 मध्ये प्ले-डो या खेळण्याच्या मातीचा वास तिथे नोंदला गेला.

पण तुमची अडचण चित्रणाच्या पलीकडची आहे. टायरला गुलाबाचा वास यायचं काहीच कारण नसतं, म्हणून तो वास खूण बनतो. मसाल्याला मसाल्याचा वास येणं हा मालाचाच गुण आहे, आणि तो गुण कुठल्याही देशाचा कायदा एकाच्या मालकीचा करत नाही. तुमच्या वासामागे जे आहे, म्हणजे कोणती मिरची किती, कोणता जिन्नस किती भाजायचा, ते गुपित म्हणून राखा. कांडपावरच्या सगळ्यांना सगळं प्रमाण माहीत नसावं, ज्यांना आहे त्यांच्याकडून गुप्ततेचा कागद घ्यावा. ट्रिप्सचं कलम 39 अशा व्यापारी गुपितांना संरक्षण देतं, फक्त गुपित राखायला तुम्ही काहीतरी केलेलं असलं पाहिजे. शिवाय भिवापूर मिरचीला भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येईल अशी नोंद, मिळालेला आहे. तुमची मिरची तिथलीच असेल तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घाला. लंडनच्या दुकानदाराला त्या कागदाची किंमत वासाच्या कोणत्याही अर्जापेक्षा जास्त वाटेल.

आता अर्ज कसे जावेत. माझा सल्ला असा की नाव आणि लेबल माद्रिद प्रोटोकॉलमधून, म्हणजे एकाच अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागायच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून न्या, धून थेट त्या देशात न्या.

माद्रिदमध्ये भारत 8 जुलै 2013 पासून आहे, अमिराती डिसेंबर 2021 पासून, ब्रिटन त्याआधीपासून. भारतातल्या अर्जाच्या आधारावर एकाच अर्जात दोन्ही देश मागता येतात. मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या खुणेला 653 स्विस फ्रँक, रंगीत खुणेला 903, त्यावर प्रत्येक देशाचं शुल्क वेगळं. यात दोन अटी आहेत. परदेशात मागितलेली खूण भारतातल्या खुणेशी तंतोतंत जुळली पाहिजे. इथे फक्त नाव नोंदवलं आणि तिकडे धून मागितली, असं चालत नाही. दुसरी अट जास्त धोक्याची: पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी भारतातल्या मूळ अर्जावर टांगलेली असते. इथे अर्ज फेटाळला गेला की तिकडचे सगळे देश कोसळतात. नंतर तीन महिन्यांत त्या त्या देशात तो अर्ज बदलून घेता येतो, पण पुन्हा खर्च आणि पुन्हा वकील. नावाच्या बाबतीत ही जोखीम कमी असते. धुनीच्या बाबतीत, जिथे आपला कायदा ब्रिटनपेक्षा कडक आहे, मला ती जोखीम पत्करावीशी वाटत नाही. भारतात अडलेली धून ब्रिटनमध्ये आरामात नोंदली जाऊ शकते, मग तिला भारतीय अर्जाला कशाला बांधायचं?

थेट अर्जासाठी ट्रेडमार्क, डिझाइन वगैरेंवरच्या पॅरिस कराराचा आधार आहे. 1883 च्या या करारात भारत डिसेंबर 1998 मध्ये आला. भारतात धुनीचा अर्ज केला की त्या तारखेपासून सहा महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात केलेला अर्ज भारताच्या तारखेचा मानला जातो. मधल्या काळात तिथे कुणी तीच धून मागितली तरी तुम्ही आधीचे ठरता. सहा महिने उलटले की ही सवलत गेली. म्हणून दुबईचा आणि लंडनचा खर्च हाताशी असेल तेव्हाच इथला अर्ज टाका. याच करारात, मूळ देशात नोंदलेली खूण दुसऱ्या देशाने जशीच्या तशी स्वीकारावी असंही एक कलम आहे. काही सल्लागार ते मोठं अस्त्र म्हणून सांगतात. खुणेत वेगळेपणा नाही असं म्हणून नकार द्यायची मुभा त्याच कलमात आहे, आणि अपारंपरिक खुणांना नकार बहुतेक त्याच कारणाने येतो. त्यावर बेत आखू नका. ट्रेडमार्क कायद्यावरचा 2006 चा सिंगापूर करारही आवाज, होलोग्राम वगैरेंचं चित्रण कसं द्यावं एवढंच सांगतो, त्यांची नोंदणी कराच असं तो कुणाला सांगत नाही.

भारतातला अर्ज ऑनलाइन होतो, तुमचं कार्यालय मुंबई. उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लहान उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी 4500 रुपये, नाहीतर 9000. मसाला आणि तिखट वर्ग 30 मध्ये येतं. लोणचंही पाठवणार असाल तर वर्ग 29 लागेल, त्याचं शुल्क वेगळं. अर्जदार उत्पादक कंपनी असावी. अध्यक्षाबाईंच्या नावावर अर्ज केलेले मी पाहिले आहेत, आणि पुढे पद बदललं की हक्क कुणाचा यावरून घरोघरी भांडणं लागलेली पाहिली आहेत. दुबईसाठी नावाचं अरबी लिपीतलं रूपही मागा, तिथलं गिऱ्हाईक ते वाचेल.

पुराव्याची फाइल आजपासून ठेवा. धून आणि लेबल अंगभूत वेगळे नाहीत असं तपासनीस म्हणाला, तर वापरामुळे ते ओळखीचे झाले हे दाखवून नोंदणी मिळवता येते, ट्रिप्सनेही ही मुभा ठेवली आहे. बाजाराच्या पावत्या, टेम्पोच्या फेऱ्यांची वही, तारखेसह व्हिडिओ ज्यात धून ऐकू येते आणि लोक बरण्या घेताना दिसतात, जाहिरातीचा खर्च, बाहेरच्या गिऱ्हाइकांची पत्रं. पावतीवर नुसतं "मसाला" लिहू नका, नाव लिहा. दुबईत आणि लंडनमध्ये तिथल्या वापराचाच पुरावा लागतो, तेव्हा पहिल्या मालापासून तिथल्या दुकानांचे फोटो, बिलं आणि धून असलेल्या जाहिराती मागवून ठेवा.

शेवटचं आयातदाराबद्दल. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "तिथलं रजिस्ट्रेशन तो त्याच्या नावावर करून देतो म्हणतो." याला हो म्हणू नका. पॅरिस करारात मालकाच्या संमतीशिवाय प्रतिनिधीने खूण स्वतःच्या नावावर केली तर मालकाला विरोध करता येतो, ती रद्द करून घेता येते किंवा मागून घेता येते. पण तुम्हीच लेखी होकार दिला असेल तर हा आधार उरत नाही, आणि दिला नसेल तरी दुबईत वकील लावून लढावं लागतं. माल पाठवण्याआधी जो करार कराल त्यात चार वाक्यं घाला: नाव, लेबल, बरणी आणि धून यांचे सर्व हक्क उत्पादक कंपनीचे आहेत. आयातदार यातलं काहीही, मिळतंजुळतं काहीही, कोणत्याही देशात, वेबसाइटच्या नावातही स्वतःच्या नावावर करणार नाही. तसं केल्याचं आढळल्यास पंधरा दिवसांत विनामोबदला कंपनीच्या नावावर करून देईल. करार संपला की नाव, धून आणि लेबल यांचा वापर त्याच दिवशी थांबवेल आणि उरलेल्या मालाचा हिशेब देईल. आयातदार सही करायला का-कू करत असेल, तर पहिली खेप पाठवण्याआधी दुसरा आयातदार शोधा.